सकाळचं पहिलं पाऊल

वाल्मीक आहेर सर पोरींची निवड घड्याळ लावून करत नसत. ते पाय बघत. ज्या आश्रमशाळेत जायचे तिथे आधी बादलीभर पाणी मागवायचे, पोरींना त्यात पाय बुडवायला लावायचे आणि व्हरांड्याच्या कोरड्या फरशीवरून चार पावलं चालायला सांगायचे. मग स्वतः गुडघे टेकून ठसे न्याहाळायचे. टाच उमटली, चवडा उमटला आणि मधली जागा कोरडी राहिली, तर पाय कामाचा. सगळा तळवा उमटला, तर 'बस खाली.' सुनेचा पायगुण बघणाऱ्या सासवासुद्धा इतक्या बारकाईनं बघत नसतील.

मंजुळा भोये तेव्हा आठवीत होती. पेठ तालुक्यातल्या आंबेपाड्याची पोर. उन्हाळ्यात आईबरोबर विहिरीवर आणि पावसाळ्यात नागलीच्या बांधावरून शाळेत, सगळं अनवाणी. तिचा ओला ठसा बघून सर जागचे हललेच नाहीत. टाचेचा एक गोल, चवड्याचा एक पट्टा आणि दोघांना जोडणारी बाहेरच्या कडेची नखाएवढी रेघ, बस्स.

"मुख्याध्यापक, इकडे या," सर म्हणाले. "ही कमान बघा. ही शिकवून येत नाही हो, ही वरून येते."

मुख्याध्यापक वाकले, शिपाई वाकला, दोन मास्तर वाकले. एवढे लोक आपल्या पायाच्या पाण्याकडे बघतायत म्हणून मंजुळेला हसू फुटलं आणि लाजही वाटली. उन्हं कडक होती. लोकांचं बघून होईतो ठसा वाळूनही गेला.

संध्याकाळी सर तिच्या घरी आले. बाप यादव आणि आई भागीबाई दोघंही दिंडोरीकडच्या द्राक्षाच्या मळ्यावरून नुकते परतले होते. भागीबाईच्या हातांची साल औषधांच्या फवाऱ्यानं निघालेली होती. सर ओट्यावर बसले, कोरा चहा प्याले आणि म्हणाले, "यादवराव, पोरगी मला द्या. राज्यात नंबर आला की खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात लागते. खाकी, पगार, म्हातारपणी पेन्शन. मळ्यावर जायचं काम नाही."

"पर सर, पोरीला धावून धावून खाकी मिळती व्हय?" यादवनं विचारलं.

"मिळते म्हणूनच आलोय ना."

मंजुळेला पदक म्हणजे काय ते माहीत नव्हतं. पण पेठच्या बाजारात तिनं एक पोलीसबाई पाहिली होती. जो मुकादम तिच्या आईला 'ए भागे' म्हणून हाक मारायचा, तोच त्या बाईंसमोर हात जोडून 'बाईसाहेब' म्हणत होता. त्या दिवसापासून मंजुळेला खाकी हवी होती आणि खाकीशिवाय दुसरं काहीही नको होतं. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढे तिच्या पायाविषयी सगळेच बोलले, पण तो पाय कशासाठी धावत होता याची आठवण कुणाला राहिली नाही.

सरांचं वसतिगृह नाशकात पेठ रोडला होतं. तीन पत्र्याच्या खोल्या, एक मोरी आणि स्वयंपाकाला पुतळाबाई. दोन वेळचं जेवण मिळायचं, त्याबद्दल खोटं बोलून चालणार नाही. सर देवळ्याचे, कांदा पिकवणाऱ्या घरातले. पोरींना रोज रात्री भाकरीबरोबर कांदा आणि उकडलेलं अंडं मिळालंच पाहिजे, असा त्यांचा कायदा होता. माणूस वाईट असता तर ही गोष्ट सोपी झाली असती.

मंजुळेला बूट मिळाले ते आधीच्या एका पोरीचे. आतला तळ दबून पापडासारखा झालेला, पुढे चिंधी कोंबलेली. गावाकडची माती पावलाला आत घेते. गंगापूर रोडचं डांबर काही घेत नाही, सगळं परत पाठवतं. पहाटे सोमेश्वरपर्यंत, तिथून धरणाच्या अंगानं आणि माघारी. संध्याकाळी पुन्हा. आज पाय जड झालेत, उद्या विसावा घेऊ, ही भाषा तिथे नव्हती. सर मोटारसायकलवरून मागून यायचे आणि हॉर्न वाजवायचे.

आपल्या तळव्यात टाचेपासून बोटांपर्यंत एक चिवट पट्टा असतो. कातड्याच्या आत, म्हणून दिसत नाही. यादवकडे त्याच्या आज्याचा तिरकामठा होता. त्याच्या वाकलेल्या काठीला जशी दोरी ताणून धरते, तसाच हा पट्टा पायाची कमान ताणून धरतो. पाऊल पडलं की तो ताणला जातो, उचललं की सैल होतो. रोज इतकी पावलं, इतक्या वेगानं आणि तीही डांबरावर पडली, की टाचेपाशी जिथे तो हाडाला धरलेला असतो तिथे बारीक बारीक चिरा पडायला लागतात. रात्री माणूस झोपलं की त्या थोड्या सांधतात. सकाळी उठून पहिलं पाऊल टेकलं की सांधलेलं पुन्हा उसवतं. मंजुळेला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला एवढंच कळत होतं, की सकाळी पाय खाली टेकला की टाचेत कुणीतरी दाभण खुपसतं.

आणि गंमत अशी, की थोडं चाललं की दुखणं पळायचं. पाय तापला की जणू काही झालंच नव्हतं. याच गमतीनं तिचा घात केला.

कारण सरांचा एक नियम होता. पहाटे खोल्यांचं दार उघडायच्या वेळी ते बाहेर उभे राहायचे आणि प्रत्येक पोर अंथरुणातून उठून मोरीकडे कशी जाते ते बघायचे. सकाळच्या पहिल्या पावलात पाय खोटं बोलत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. जी लंगडली तिची पेटी बांधायची. सविता चौधरी नावाची हरसूलकडची पोर, मंजुळेहून एका वर्षानं मोठी, एका सकाळी दोन पावलं लंगडली आणि संध्याकाळच्या एसटीत बसली. ती रडत होती. सर म्हणाले, "माझ्याकडे दवाखाना नाही गं बाई." त्या वर्षीच्या द्राक्षाला सविता मळ्यावर होती, हे भागीबाईनंच येऊन सांगितलं.

मग मंजुळा सगळ्यांच्या आधी उठायला लागली. अंधारातच भिंतीला धरून मोरीच्या मागच्या बाजूला जायची आणि तिथे दात आवळून फेऱ्या मारायची. पहिल्या फेऱ्यांना डोळ्यांत पाणी यायचं. मग टाच बधिर व्हायची, मग तापायची. ती गुपचूप परत येऊन अंथरुणात शिरायची आणि सर आले की आत्ताच जाग आल्यासारखी उठून त्यांच्या समोरून ताठ चालत जायची.

"बघा," सर बाकीच्या पोरींना म्हणायचे, "याला म्हणतात पाय."

दुखलं तर सांगावं, औषध घ्यावं, ही अक्कल ज्यांना घरी परतून काही मिळणार असतं त्यांची. मंजुळेच्या घरी मळा होता, तोही दुसऱ्याचा.

पुतळाबाईला मात्र कळलं. तिनं चुलीत वीट तापवली, वर रुईचं पान ठेवलं आणि मंजुळेची टाच त्यावर धरली. बरं वाटायचं. पण रोज सकाळी ठोकर बसणाऱ्या जागेला संध्याकाळच्या शेकानं किती दिवस पुरावं? शेवटी पुतळाबाईनंच भीतभीत सरांच्या कानावर घातलं. राज्य स्पर्धा दोन महिन्यांवर आली होती, सरांची सगळी भिस्त मंजुळेवर होती आणि त्यामुळे या वेळी पेटी बांधली गेली नाही. नियम गरिबांसाठी असतात आणि अपवाद गरजेसाठी.

"काय व्हयनं व तुले?" सर चिडले की देवळ्याची अहिराणी तोंडात यायची. मग तिचा पडलेला चेहरा बघून ते नरमले. "बरं, चल. एक डॉक्टर आहेत ओळखीचे."

डॉक्टर पंचवटीतल्या एका गल्लीत बसायचे. त्यांनी टाच दाबली, मंजुळा किंचाळली आणि त्यांनी बरोबर त्याच जागी सुई घातली. तिसऱ्या दिवशी दुखणं नाहीसं झालं. महिन्याभरात परत आलं, परत सुई. स्पर्धेच्या आठवड्यात पुन्हा एक. आगीचा बंब यावा, आग तशीच राहावी आणि घंटा तेवढी कापून न्यावी, असं ते औषध होतं. दुखेना म्हणून मंजुळा आणखी जोरात धावली, आणि सुईनं आतला पट्टा हळूहळू भिजलेल्या सुतळीसारखा होत गेला. सरांना हे माहीत नव्हतं, असं आपण धरून चालू. त्यांनी विचारलंही नव्हतं, एवढं मात्र नक्की.

राज्य स्पर्धा त्या वर्षी नाशकातच झाली. त्र्यंबक रोडवरून जाऊन परत यायचं. परतीच्या वाटेवर सातपूरच्या अलीकडे मंजुळा पहिल्या दोघींत होती, आणि तळव्यात 'पट्' झालं. तिनं तो आवाज ऐकला. बापाच्या तिरकामठ्याची दोरी एकदा तुटली होती, तसा. पाऊल टेकलं तर खाली पाऊलच नाही, नुसता जाळ. रस्त्याच्या कडेनं सर मोटारसायकलवरून ओरडत होते, "खाकी, मंजुळे, खाकी!"

ती धावली. कशी धावली ते तिलाही सांगता आलं नसतं. दुसरी आली. कोट्याला लागणारं प्रमाणपत्र तिच्या हातात आलं, तेव्हा तिचा तळवा निळाजांभळा पडून बुटात मावेनासा झाला होता. सरांनी तिला उचलून घेतलं आणि त्यांच्या डोळ्यांत खरोखरच पाणी होतं.

दोन-तीन महिन्यांत सूज उतरली आणि दुखणं गेलं. पार गेलं. सकाळी पाय टेकला तरी काही होईना. मंजुळेला वाटलं, देव पावला. मोरीतून बाहेर आल्यावर फरशीवर आपला अख्खा तळवा उमटतो आहे, हे तिनं पाहिलं होतं. पण दुखत नाही म्हटल्यावर पाण्याच्या डागाकडे कोण लक्ष देतं?

दोन हजार दोन साली पोलीस भरती निघाली. मैदानावर मंजुळेच्या पुढे एकही पोरगी गेली नाही. लेखी झालं. यादीत नाव लागलं. भागीबाईनं मळ्यावर सगळ्यांना गूळ वाटला आणि मुकादमालाही दिला. राहिली होती फक्त वैद्यकीय तपासणी.

तपासणीच्या खोलीत पाण्याचं एक घमेलं होतं.

"पाय बुडव आणि या फरशीवर उभी राहा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मंजुळेला आश्रमशाळेचा व्हरांडा आठवला आणि ती हसली. उभी राहिली, बाजूला झाली. डावा ठसा होता तसाच होता. उजवा अख्खा उमटला होता, भाकरी थापल्यासारखा.

बाईंनी चष्मा वर केला. "इंजेक्शनं घेतली होतीस टाचेत?"

"तीन-चार घेतली, म्याडम."

"आणि मग एकदा काहीतरी तुटल्यासारखं झालं?"

तुटलं म्हटलं तर पेटी बांधतात, एवढंच तिला सहा-सात वर्षांत शिकवलं गेलं होतं. "नाय म्याडम," ती म्हणाली. "काय नाय झालं. आता तर दुखत पण नाय."

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि तिला समजावून सांगितलं: पट्टा, कमान, सुया, सगळं. मग म्हणाल्या, "सपाट पाय भरतीला चालत नाही. जन्मापासूनचा असेल तर विषय संपला. पण दुखापतीनं झाला असेल, आणि तू या पायावर सगळ्यांच्या पुढे धावलीस हे मला दिसतंच आहे, तर मी तुला वरच्या तपासणीला पाठवू शकते. आधी पाय चांगला होता आणि दुखापत झाली, एवढं तुझ्या सरांकडून लिहून आण."

एवढंच. मंजुळा तिथून पेठ रोडपर्यंत चालतच गेली.

सर पोरींच्या ताटात कांदा वाढत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हात धुतले, तिला बाहेर नेलं.

"असं लिहून दिलं तर काय होईल, कळतं का तुला? इंजेक्शनं कुणी दिली, कुणी नेलं, चौकशी होईल. आत आठ पोरी जेवतायत. त्यांना कोण जेवू घालणार?"

"सर, माझी खाकी जाते."

"मला कळतं गं." त्यांना खरंच कळत होतं. म्हणूनच ते तिच्याकडे बघत नव्हते. "मी बोलतो वर. तू काळजी करू नकोस."

सर बोलले. सरांनी लिहूनही दिलं. काय लिहिलं ते मंजुळेला डॉक्टरीणबाईंनी वाचून दाखवलं: मुलीचा पाय जन्मतःच सपाट आहे, डोंगरात अनवाणी चालणाऱ्या लोकांत असं आढळतं. बाईंनी कागद घडी करून ठेवला आणि म्हणाल्या, "बाळ, मी काय करू?" गरज सरो, वैद्य मरो, असं म्हणतात. इथे वैद्य बिचारी हळहळत होती आणि मेली होती ती धावणारी.

मंजुळा आंबेपाड्याला परतली. त्या वर्षीच्या द्राक्षाला मुकादमानं तिला 'ए मंजे' म्हणून हाक मारली. तिनं ओ दिली.

पुढच्या उन्हाळ्यात आहेर सर पुन्हा ओट्यावर आले. मोटारसायकल जाऊन जीप आली होती. मंजुळेच्या पाठची उज्वला आता तेरा वर्षांची होती. सरांनी चहा घेतला, मंजुळेची तब्येत विचारली, तिच्या नशिबाबद्दल हळहळले आणि भागीबाईला म्हणाले, "वहिनी, जरा बादलीभर पाणी द्या."

उज्वलेनं पाय बुडवले. ती शेणानं सारवलेल्या ओट्याच्या कडेला, घरकुलाच्या सिमेंटच्या लांब पायरीवरून चार पावलं चालली. सर गुडघे टेकून बसले. शेजारीपाजारी गोळा झाले होतेच.

"हे बघा," सर म्हणाले. "ही कमान."

मंजुळा दारात उभी होती. ती खाली आली, बादलीत उजवा पाय बुडवला आणि बहिणीच्या ठशाला लागून पायरीवर ठेवला. मग उचलला. एक ठसा कोरलेला, दुसरा थापलेला. पायरीवर दोन्ही शेजारी शेजारी ओले होते.

"सर, माझा पाय जन्मापासून असाच होता ना?"

सर उठून उभे राहिले. "मंजुळा, त्या गोष्टी आता..."

"असाच होता तर तुमी मला निवडलं कशावरून?"

सर खाली बघत होते. मुख्याध्यापक, शिपाई, दोन मास्तर वाकून ज्याच्याकडे बघत होते त्या ठशाचा साक्षीदार सरांशिवाय आत्ता तिथे दुसरा कुणी नव्हता आणि त्यांना तो लख्ख आठवत असणार. मग त्यांनी रुमालानं मान पुसली. ऊन होतं. दोन्ही ठसे कडेनं वाळायला लागले होते.

मंजुळेला वाटलं, आता बा उठेल आणि सरांना चालतं करील. यादव उठला. तो आत गेला आणि उज्वलेची पिशवी घेऊन आला. "सर," तो म्हणाला, "हिला अंडं मिळंल ना रोज?"

मंजुळेनं बापाकडे बघितलं. त्यानं विचारलं त्यात खोटं काहीच नव्हतं. तिनं जीपपाशी उज्वलेचा हात धरला.

"आइक. सकाळी उठल्यावर टाच दुखली ना, तर लंगडायचं. सगळ्यांसमोर लंगडायचं. सरांना दिसलं पाह्यजे."

"मंग सर घरी पाठवतील ना, ताय?"

"पाठवू दे. म्हणूनच लंगडायचं."

उज्वलेनं मान हलवली. तिची नजर मात्र जीपच्या खिडकीतून आईच्या हातांवर गेली होती.

दिवाळीला उज्वला चार दिवस घरी आली. अंगानं भरली होती, केसांना तेल होतं. बुटांच्या पुढे चिंधी कोंबलेली होती. रात्री दोघी बहिणी एकाच गोधडीत झोपल्या.

पहाटे मंजुळेला जाग आली तेव्हा शेजारची जागा रिकामी होती. बाहेरून आवाज येत होता. एक पाऊल पडायचं, मग भिंतीला हात घासायचा, मग दुसरं पाऊल. घराच्या मागच्या बाजूला कुणीतरी फेऱ्या मारत होतं. ते ऐकता ऐकता मंजुळेच्या टाचेत, जिथे आता दुखायला काही उरलं नव्हतं तिथे, दाभण शिरलं.

ती उठून मागच्या दाराशी गेली.

"उज्वला?"

भिंतीवरचा हात पटकन खाली आला.

"काय नाय, ताय. जाग आली व्हती नुसती."

"टाच दुखती?"

"छ्या! कुठं काय?" उज्वला म्हणाली आणि बहिणीच्या समोरून दारातून आत गेली. ताठ, सरळ, जराही न लंगडता.